म्हातारपणींचा मेंदू : स्वस्थ बसतांना व कामांत असतांना

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें सविस्तर पत्र आलें. नांवगांव देण्याचें कारण नाहीं; परंतु त्यांतील प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळें या वेळचें सदर त्यालाच द्यावें असें ठरविलें. त्यांचे मामंजी ७२ वर्षांचे आहेत. रघुवंशांतील कोणताहि श्लोक पुढें ठेवा, अन्वय लावून अर्थ सांगतात. चाळीस वर्षांपूर्वींच्या जमिनीच्या दाव्याच्या तारखा त्यांना तोंडपाठ आहेत. परंतु महिन्याचा जमाखर्च लिहीत असतां दारावरची घंटा वाजली, किंवा नातवानें मध्येंच कांहीं विचारलें, कीं त्याचें उत्तर देऊन पुन्हां वहीकडे वळतांना आपण कोठें होतों हें त्यांना उमगत नाहीं. दिवाळीपूर्वीं विजेचें बिल मोबाइलवरून दोनदां भरलें गेलें. तेव्हांपासून घरांत असें मत पडूं लागलें आहे कीं, जमाखर्च व बँकेचा व्यवहार त्यांच्या हातून काढून घ्यावा. भगिनी विचारतात, ही बुद्धिभ्रंशाची सुरुवात समजावी काय? आणि वही काढून घेतली तर मामंजींच्या हातीं दिवसभर राहिलें काय?

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. प्रस्तुत लेखकानें स्वतः साठी ओलांडली असल्यामुळें या खटल्यांत तो न्यायाधीश नसून बराचसा पक्षकार आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

म्हातारपणाविषयींची आपली रूढ कल्पना फडताळाची आहे. मनुष्यानें आयुष्यभर फडताळांत वस्तु भरून ठेवाव्या, पुढें त्याला वाळवी लागावी, आणि एकेक वस्तु नाहींशी होत जावी. ही कल्पना सर्वस्वीं खोटी नाहीं. पण वरील मामंजींना ती लागू पडत नाहीं. त्यांच्या फडताळांतील रघुवंश शाबूत आहे, दाव्याच्या तारखा शाबूत आहेत, बेरीजवजाबाकीहि शाबूत आहे. अडचण येते ती एका कामावरून दुसऱ्यावर जाऊन परत येण्याच्या वाटेवर. या वाटांविषयीं गेल्या तीसएक वर्षांत मेंदूच्या शास्त्रानें बरेंच कांहीं शोधून काढलें आहे. त्याची हकीकत थोडी लांबून सुरू करावी लागेल. कारण तिचा आरंभ कामांत गुंतलेल्या मेंदूपासून झाला नसून, कांहींच न करणाऱ्या मेंदूपासून झाला आहे.

मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ च्या आसपास असतें. परंतु स्वस्थ पडलेल्या मनुष्याला जी शक्ति लागते तिच्यापैकीं शेंकडा २० च्या सुमारास हा एकटा अवयव खाऊन टाकतो. गणित सोडवूं लागतांच हा खर्च भडकत असेल असें कोणासहि वाटेल. १९५५ सालीं अमेरिकेंत लुई सोकोलॉफ व त्यांचे सहकारी यांनीं माणसांना तोंडी हिशेब करावयास लावून मोजून पाहिलें, तों संपूर्ण मेंदूला लागणाऱ्या प्राणवायूंत फरक आढळला नाहीं. पुढील काळांत अधिक बारीक मोजणी झाली, तेव्हां एखाद्या कामामुळें होणारी वाढ शेंकडा ५ हूनहि कमी असते असें दिसलें. म्हणजे वरून काम बंद दिसत असतांनाहि हा कारखाना जवळजवळ पूर्ण वेगानें चालूच असतो. तो करतो तरी काय?

याचें उत्तर मिळण्यास यंत्राची वाट पाहावी लागली. प्राणवायु असलेलें रक्त व तो देऊन चुकलेलें रक्त यांचे चुंबकीय गुण निराळे असतात. त्यामुळें मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्ताचा ओघ कसा बदलतो हें कवटी न उघडतां एम्. आर्. आय्. यंत्रानें पाहतां येईल, असें सेइजी ओगावा यांनीं १९९० सालीं दाखविलें. पहिलीं कांहीं वर्षें सर्वांचें लक्ष कामाकडे होतें : बोट हालवा, चित्र पाहा, शब्द आठवा. मधल्या रिकाम्या वेळांतील चढउतार हा निव्वळ गोंगाट समजून टाकून देत. १९९५ सालीं मिल्वॉकी येथें भरत बिस्वाल यांनीं हा टाकाऊ भागच उचलला. यंत्रांत निश्चल पडलेल्या माणसांच्या मेंदूंत डाव्या व उजव्या हाताच्या हालचालीशीं संबद्ध असलेले, एकमेकांपासून दूर असलेले दोन भाग, हात मुळींच हलत नसतां, एकाच लयींत वरखालीं होत होते. एका हेलकाव्याला दहा सेकंदांहून अधिक काळ लागावा, इतकी ती लय संथ होती. जे भाग एरव्हीं मिळून काम करतात ते रिकाम्या वेळींहि परस्परांशीं संधान राखून असतात, असा याचा अर्थ.

मग २००१ सालीं सेंट लुईस येथील मार्कस रेकल यांनीं आणखी एका गोष्टीला नांव दिलें. मेंदूचे कांहीं ठराविक भाग कामाला हात घालतांच शांत होतात, व काम संपतांच पुन्हां उचल खातात. कपाळामागील मधला भाग, मेंदूच्या मागल्या बाजूचा मधला भाग, आणि दोन्ही कानांच्या वर किंचित् मागें असलेले भाग, हे त्यांतील मुख्य. यांना मिळून इंग्रजींत 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. आपण येथें विसांव्याचें जाळें म्हणूं. नांवावरून मात्र फसूं नये. तें जाळें स्वतः विसांवा घेत नाहीं. झालेल्या गोष्टी उगाळणें, उद्यांचे बेत रचणें, अमुक मनुष्य मला असें कां बोलला याचा विचार करणें, हा त्याचा धंदा. जपाला बसलेल्या प्रत्येकाची त्याच्याशीं चांगली ओळख आहे.

मेंदूंत अशीं जाळीं अनेक आहेत. पाहण्याचें एक, हालचालीचें एक, बाहेरील वस्तूवर लक्ष ठेवण्याचें एक, चालू कामावर देखरेख करण्याचें एक. तरुण व निरोगी मेंदूंत प्रत्येक जाळ्याच्या आंतील दळणवळण दाट असतें, व शेजारच्या जाळ्याशीं तें बेताचें असतें. मीं पहिली नोकरी केली त्या शाळेंत दोन वर्गांमध्यें भिंत नव्हती, तट्ट्याचा आडोसा होता. तट्टा नवा होता तोंवर चौथीचे पाढे चौथींतच राहत. चार पावसाळे झाल्यावर त्याच्या कामट्या सुटल्या, आणि आमच्या संधीच्या तासाला शेजारचें सत्तावीस सक्कं ऐकूं येऊं लागलें. मुलें तींच होतीं, मास्तर तेच होते, शिकविणेंहि तेंच होतें. मधला आडोसा विरळ झाला होता.

वयानें मेंदूचें जवळजवळ असेंच होतें. डल्लास येथें मिकेला चान, गगन विग व त्यांचे सहकारी यांनीं २० ते ८९ वर्षांच्या २१० निरोगी माणसांचे मेंदू स्वस्थ पडलेल्या स्थितींत तपासले, व त्याचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध केला. वय वाढत जातें तसतसे एका जाळ्याच्या आंतील धागे सैल होतात, परजाळ्यांशीं असलेले वाढतात, आणि जाळ्यांचें वेगळेपण कमी होतें. विशेष हें कीं, ज्यांच्या विचार व स्मरण यांच्याशीं संबंध असलेल्या जाळ्यांचें वेगळेपण टिकून होतें, त्यांची झालेल्या गोष्टींची आठवणहि, वयाचा हिशेब बाजूला काढल्यानंतरसुद्धां, अधिक चांगली होती. याच्या सात वर्षें आधीं, २००७ सालीं, हार्वर्डमधील मंडळींनीं विसांव्याच्या जाळ्याचे पुढील व मागील भाग वृद्धांत एकमेकांशीं पूर्वींसारखे बांधलेले राहत नाहींत असें दाखविलेंच होतें. दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंवरील आवरण वयानें झिजतें, हें त्याचें एक कारण मानतात.

हें झालें स्वस्थ बसलेल्या मेंदूचें. कामाला बसल्यावर काय होतें तें पाहूं. कारण वहीचा प्रश्न तेथेंच आहे.

तरुणाला एखाद्या शब्दाविषयीं विचार करावयास लावला, कीं त्याचें विसांव्याचें जाळें खालीं बसतें. सिंडी लस्टिग व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं असें दाखविलें कीं, निरोगी वृद्धांत तें तितकें खालीं बसत नाहीं, आणि अल्झायमरचा विकार जडलेल्यांत त्याहूनहि कमी बसतें. म्हातारा मनुष्य कामाला बसतो, पण त्याच्या मेंदूंतील गप्पांचा अड्डा पुरता उठत नाहीं.

याहूनहि आमच्या प्रश्नाला जवळचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्को येथें वेस्ली क्लॅप व अ‍ॅडम गझॅली यांनीं केला. तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पंचविशीच्या आसपासचे तरुण व सत्तरीच्या आसपासचे वृद्ध घेतले. प्रथम एक निसर्गदृश्य दाखवून तें मनांत धरून ठेवावयास सांगितलें. मध्येंच एक चेहरा पुढें आणला, व त्याचें वय आणि तो पुरुष कीं स्त्री याचा निर्णय करावयास लावला. मग पुन्हां एक दृश्य दाखवून विचारलें, मघांचें तें हेंच काय? व्यत्ययानें दोघांचेंहि नुकसान झालें, पण वृद्धांचें अधिक झालें. आपण सहज म्हणूं कीं, म्हातारा मनुष्य मधल्या चेहऱ्यांतच अधिक गुंतला असेल. तसें दिसलें नाहीं. चेहऱ्याकडे दोघांनींहि सारखेंच लक्ष दिलें होतें, आणि त्या वेळीं दृश्य धरून ठेवणारें जाळें दोघांचेंहि सुटलें होतें. फरक पडला तो पुढें. चेहरा दूर होतांच तरुणाच्या मेंदूनें तो सोडून दिला व दृश्याचें जाळें पुन्हां जोडून घेतलें. वृद्धाच्या मेंदूंत चेहऱ्याचा पाठपुरावा चालूच राहिला, आणि सुटलेलें जाळें परत नीट जुळलें नाहीं.

दारावरची घंटा आणि जमाखर्चाची वही यांची गोष्ट याहून निराळी नाहीं. मामंजी दार उघडतात, आलेल्या माणसाशीं नीट बोलतात, त्याची चिठ्ठी घेऊन ठेवतात. यांत कोठेंहि चूक होत नाहीं. चूक होते ती परत खुर्चीवर बसल्यावर. विजेचें बिल भरल्याचा संदेश पाहण्यापूर्वींच जर कोणी हांक मारली असेल, तर 'भरलें' ही गोष्ट मनांत पक्की होण्याचीच राहून गेली. ती विसरली गेली असें म्हणण्यापेक्षां ती नोंदलीच गेली नाहीं असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

येथें न्यायशास्त्राचें स्मरण होणें संस्कृत शिकलेल्या मनुष्याला अपरिहार्य आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत मन असल्याची खूण म्हणून एकच गोष्ट सांगितली आहे : इंद्रियें अनेक असून, त्यांचे विषयहि एकाच वेळीं समोर असून, ज्ञानें मात्र एकदम उत्पन्न होत नाहींत, एकामागून एक होतात. त्यावरून नैयायिकांनीं मन अणुपरिमाण ठरविलें. निरीक्षण अचूक आहे, आणि दोन कामें 'एकाच वेळीं' करणारा मनुष्य वस्तुतः त्यांच्यामध्यें येरझारा घालीत असतो हें आजचे शास्त्रज्ञहि सांगतात. मात्र यावरून आमच्या पूर्वजांना हीं जाळीं ठाऊक होतीं असें कोणी म्हणूं लागेल तर त्याला माझी संमति नाहीं. त्यांनीं विचारानें जेवढें गांठलें तेवढेंच मोठें आहे; त्याला यंत्राचें उसनें पागोटें घालण्याची गरज नाहीं.

आतां, तट्टा विरळ होणें हें सर्वथा नुकसानच आहे काय? याविषयीं विद्वानांत दोन पक्ष आहेत. २००२ सालीं रॉबर्तो काबेझा यांनीं दाखविलें कीं, तरुण जेथें मेंदूच्या पुढील भागाची एकच बाजू वापरतात, तेथें वृद्धांपैकीं जे कामांत सरस होते ते दोन्ही बाजू वापरीत होते, आणि जे कमी पडत होते ते तरुणांसारखी एकच. यावरून एक पक्ष म्हणूं लागला कीं, म्हातारा मेंदू दुसऱ्या खांद्याची मदत घेऊन ओझें उचलतो. दुसरा पक्ष म्हणतो, ही मदत नसून केवळ पसरलेपणा आहे. २०१८ सालीं अ‍ॅलेक्सा मॉर्कम व रिचर्ड हेन्सन यांनीं वृद्धांच्या मेंदूच्या पुढील भागांतील वाढलेली हालचाल तपासली, तेव्हां तींत कामाला उपयुक्त अशी जास्त माहिती आढळली नाहीं. मला स्वतःला दुसरा पक्ष बलवत्तर वाटतो. पहिला गोड वाटतो, म्हणूनच त्याच्याविषयीं सावध असावें.

तथापि एक गोष्ट वृद्धांच्या बाजूनें नोंदविली पाहिजे. टोरांटोच्या लिन हॅशर व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं वृद्धांना व तरुणांना मजकूर वाचावयास दिला, त्यांत मध्येंमध्यें असंबद्ध शब्द पेरले होते व ते सोडून द्यावयाचे होते. वृद्धांना ते नीट गाळतां आले नाहींत. पण पुढें जीं शब्दकोडीं दिलीं त्यांचीं उत्तरें त्या शब्दांतच होतीं. तेथें वृद्धांना त्यांचा लाभ झाला, तरुणांना झाला नाहीं. नातीच्या निबंधाविषयीं बोलतां बोलतां आजोबा भलतीच जुनी गोष्ट काढतात, आणि तीच निबंधाला उपयोगी पडते, हा अनुभव ज्या घरांत आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. रघुवंशाचा अन्वय लावतांनाहि असेंच होत असावें, असें मला वाटतें. तेथें घाई नसते, मध्यें कोणी बोलत नाहीं, आणि साठ वर्षांचा सांठा आपण होऊन पुढें येतो.

या सर्व संशोधनाला एक मर्यादा आहे, ती थोडक्यांत सांगतों. यंत्र रक्ताचा ओघ मोजतें, प्रत्यक्ष विचार नव्हे. आणि वयानें रक्तवाहिन्याहि बदलतात. वृद्धांना यंत्रांत डोकें स्थिर ठेवणें जड जातें, व हललेल्या डोक्यामुळें खोटे धागे दिसूं शकतात. चांगले संशोधक याची काळजी घेतात, तरी वाचकानें ती शंका मनांत ठेवावी. विग यांच्याच मंडळींनीं २०२१ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, ज्यांचें शिक्षण महाविद्यालयापर्यंत गेलें नाहीं त्यांच्या जाळ्यांचें वेगळेपण उतारवयांत अधिक वेगानें घटतें. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्याला ही वार्ता गोड लागली नाहीं! परंतु पदवीबरोबर नोकरी, आहार, औषधोपचार अशा पुष्कळ गोष्टी येतात. त्यांत कशाचा किती वांटा हें वेगळें काढणें सोपें नाहीं.

तर भगिनींना माझें उत्तर असें. वही काढून घेऊं नये, व्यत्यय काढून घ्यावा. मामंजी जमाखर्चास बसले असतां त्या अर्ध्या तासांत दाराची घंटा दुसऱ्या कोणी पाहावी, दूरचित्रवाणी बंद असावी, नातवाला थोपवावें. मोबाइलवरून पैसे भरल्यास 'व्यवहार पूर्ण' हा संदेश पाहून, वहींत त्या रकमेपुढें खूण करून, मगच जागेवरून उठावयाचें, असा नेम त्यांनीं स्वतः घालून घ्यावा. मध्यें उठणें भागच पडलें तर पेन्सिल ज्या ओळीवर असेल तेथेंच ठेवून उठावें. महिन्याअखेर मुलानें त्यांच्याजवळ बसून वही एकदां पाहावी. तपासणीस म्हणून नव्हे, तर घरच्या व्यवहारांत वांटेकरी म्हणून. हें मुलाला एरव्हींहि शिकणें आवश्यकच आहे.

परंतु शांत खोलींत, पुरेसा वेळ देऊनहि नेहमींची बेरीज जमेनाशी झाली. नित्याच्या देवळाहून घरीं येतांना वाट चुकूं लागली. उत्तर मिळून घटका लोटली नाहीं तोंच तोच प्रश्न पुनःपुन्हां येऊं लागला. किंवा स्वभावच पालटला. तर तें वरील साध्या वार्धक्यांत बसत नाहीं. तेव्हां डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करूं नये. त्यांतहि प्रत्येक वेळीं अल्झायमरच निघतो असें नाहीं. शाकाहारी घरांत 'बी-१२' या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते. थायरॉईडचा दोष, मनाची उदासीनता, झोपेच्या व सर्दीच्या कांहीं गोळ्या, यांनींहि बुद्धि मंद झाल्यासारखी वाटते, आणि यांवर उपाय आहेत.

कान तपासून घ्यावे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं बुद्धिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या व टाळतां येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. तींत बहिरेपणा आहे आणि दृष्टिदोषहि आहे. जेवणाच्या पंगतींत तिघांनीं एकदम बोलूं नये, हें कान चांगले असलेल्या वृद्धाच्याहि बाबतींत पाळावें.

चालण्याविषयीं एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. इलिनॉय येथें मिशेल व्हॉस व त्यांचे सहकारी यांनीं वृद्धांच्या एका गटाला वर्षभर चालण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला अंग ताणण्याचा व तोल सांभाळण्याचा. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें चालणाऱ्यांच्या विसांव्याच्या व देखरेखीच्या जाळ्यांतील दळणवळण सुधारलें. मात्र सहा महिन्यांनीं ठाम फरक दिसला नव्हता, तो पुरें वर्ष भरल्यावर दिसला. चार दिवस पर्वतीला जाऊन पांचव्या दिवशीं काठी कोपऱ्यांत ठेवणाऱ्या आमच्या मित्रमंडळींनीं हा आंकडा वाचावा.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं विचारलें आहे कीं, मामंजींच्या मेंदूचीं जाळीं एकदां यंत्रांत तपासून घ्यावीं काय. डॉक्टरांनीं सांगितल्यास एम्. आर्. आय्. अवश्य काढावा, तो गांठ, जुना रक्तस्राव, आक्रसलेला भाग वगैरे पाहण्यासाठीं असतो. जाळ्यांचें वेगळेपण मोजण्याचें काम अद्याप संशोधकांच्या प्रयोगशाळांतून चालतें. तेथील निष्कर्ष शेंकडों माणसांच्या सरासरीचे असतात, आणि त्यांवरून एका माणसाची वही ठेवावी कीं काढून घ्यावी याचा निर्णय देतां येत नाहीं.